कुंचल्यातला खारीचा वाटा

सेतू बांधण्याच्या वेळची खारीची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेलच. वानरसेना मोठमोठे धोंडे उचलून समुद्रात टाकीत होती, आणि एक इवलीशी खार वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण पाण्यात नेऊन झटकीत होती. रामाने कौतुकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटांचे पट्टे तिच्या अंगावर कायमचे उमटले. तेव्हापासून कुवतीप्रमाणे केलेल्या लहानशा मदतीला आपण 'खारीचा वाटा' म्हणतो. आज मी याच खारीच्या दुसऱ्या एका वाट्याची हकीकत सांगणार आहे. ही हकीकत पुराणातली नाही, इतिहासातली आहे. आपल्या देशात तीनचारशे वर्षांपूर्वी जी नाजूक लघुचित्रे निर्माण झाली, त्यांच्या रेघेरेघेत खारीचा वाटा आहे. चित्रावर राजाचे नाव असते, क्वचित चित्रकाराचेही असते. खारीचे मात्र कोठेच नसते.

हा विषय मला सुचला तो एका प्रश्नावरून. मागे एका तालुक्याच्या गावी शिक्षकांपुढे मी मोगल आणि राजपूत चित्रांवर बोललो. व्याख्यान आटोपल्यावर चित्रकलेचे एक शिक्षक जवळ आले. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेला एक बारीक ब्रश काढला आणि म्हणाले, "सर, हा माझ्या गुरुजींनी मला दिलेला. मुंगसाच्या केसांचा आहे. याचं टोक जसं उतरतं, तसं नायलॉनच्या ब्रशाचं उतरत नाही. पण आता हा वापरणं गुन्हा आहे म्हणतात. मी मुलांना काय सांगू? तुमच्या त्या जुन्या चित्रकारांनी तर केसांचेच ब्रश वापरले ना?" मी पडलो इतिहास शिकवणारा माणूस. सनावळ्या विचारल्या असत्या तर धडाधड सांगितल्या असत्या. पण या प्रश्नाने मी गप्प झालो. घरी येऊन पुस्तके काढली, जाणकारांना विचारले. आजचे हे भाषण म्हणजे त्या शिक्षकांना उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

प्रथम लघुचित्र म्हणजे काय ते पाहू. वहीच्या पानाएवढे, कधी त्याहूनही लहान, पोथीत बांधलेले किंवा सुटे, हातात धरून पाहायचे चित्र ते लघुचित्र. भिंतीवरचे चित्र आपण दहा हातांवरून पाहतो. लघुचित्र वीतभर अंतरावरून. भिंतीवर खपून जाणारा फटकारा इथे खपत नाही. या चित्रासाठी कागदाचे थर एकावर एक चिकटवून जाड पान तयार करीत. त्याला 'वसली' म्हणतात. तिच्यावर आधी रेखाटन, मग पांढऱ्याचा पातळ हात, मग पान पालथे घालून गुळगुळीत अकिकाने घोटणे, आणि त्यानंतर रंग. रंग दगडांचे, मातीचे, झाडपाल्याचे, आणि ते कागदाला धरून राहावेत म्हणून डिंक. सगळ्यांत शेवटी येई ते सगळ्यांत नाजूक काम. कारागीर त्याला 'परदाज' म्हणतात. गालावरची सावली, दाढीचा एकेक केस, मलमलीच्या अंगरख्यातून झिरपणारा अंगाचा रंग, हे सारे सुईच्या टोकाएवढ्या रेघांनी आणि ठिपक्यांनी उठवायचे. एकाच चेहऱ्यावर अशा शेकडो रेघा बसतात.

अशा कामात कुंचल्याकडून तीन गोष्टी लागतात. त्याला टोक हवे. म्हणजे ओला झाल्यावर सारे केस एकत्र येऊन शेवटी एकच अणी राहिली पाहिजे. त्याला पोट हवे. म्हणजे एकदा बुडवल्यावर बराच रंग आत राहिला पाहिजे आणि तो थोडाथोडा उतरला पाहिजे. आणि त्याला ताठा हवा. म्हणजे कागदावर दाबला तर वाकावा, उचलला की पुन्हा सरळ व्हावा. टोक, पोट आणि ताठा ही तीन मापे लक्षात ठेवा. पुढची सारी हकीकत यांच्याभोवतीच फिरणार आहे.

ही मापे आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा काळ शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९. याच ग्रंथात मराठी पद्याचे जुने नमुने आले आहेत, म्हणून मराठीच्या शिक्षकांना त्याचे नाव माहीत असते. राजाने त्यात हत्ती, घोडे, स्वयंपाक, खेळ अशा नाना विषयांबरोबर चित्रकलाही घेतली आहे. लेखणी कशी करावी हे सांगताना तो म्हणतो की वासराच्या कानातले मऊ केस घ्यावेत आणि ते काडीच्या टोकाला लाखेने बसवावेत. जाड, मध्यम आणि बारीक अशा कुंचल्यांच्या जातीही तो सांगतो. पुढे सोळाव्या शतकात केरळातल्या श्रीकुमाराने 'शिल्परत्न' हा ग्रंथ लिहिला. त्यातही वासराच्या कानाचे केस आहेत, शेळीच्या पोटाचे आहेत, आणि बारीक कामाला एका लहान प्राण्याच्या शेपटीचे आहेत.

गोठ्यात वावरलेल्या माणसाला यातली खुबी चटकन कळेल. वासराच्या कानात हात घालून पहा; तिथले केस लांब, मऊ आणि टोकाशी निमुळते असतात. जुन्या चित्रकाराने दूरदेशाहून काही आणवले नाही. दारात जे होते त्यातलेच, पण नेमके, निवडले. आणि गंमत अशी की आजही कारखान्यांत बैलाच्या कानाचे केस घेऊन ब्रश बनवतात. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीची निवड काही चुकलेली नव्हती.

आता आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण घेऊ. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, हुसेन निजामशहा इ. स. १५६५ साली वारला. त्याच वर्षी जानेवारीत तालिकोटची मोठी लढाई झाली होती. या सुलतानाच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या कवीने 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी काव्य लिहिले आणि त्याची सचित्र पोथी तयार झाली. ती पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. तीत सुलतानाशेजारी राणी खुंझा हुमायून बसलेली दाखवली होती. पुढे कोणीतरी बहुतेक चित्रांतून राणीची आकृती पुसून टाकली. तरीही शिल्लक राहिलेल्या स्त्रियांच्या लांब वेण्या, वेण्यांचे गोंडे, दागिन्यांचे ठिपके पाहिले की कळते, केवढ्या बारीक टोकाचा कुंचला नगरच्या त्या अनामिक चित्रकाराच्या हातात होता.

त्याच सुमारास उत्तरेत अकबराचा चित्रकारखाना भरभराटीला आला. अबुल फजलने 'आईने अकबरी'त तिथल्या चित्रकारांची नावे दिली आहेत. मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद हे इराणातून आलेले उस्ताद. दसवंत, बसावन, लाल, केसू हे इथले. यांपैकी दसवंत हा कहाराचा, म्हणजे पालखी वाहणाऱ्याचा मुलगा. हा पोर भिंतींवर चित्रे काढीत असे. ती अकबराच्या दृष्टीस पडली आणि त्याने त्याला अब्दुस्समदाच्या हाती सोपवले. इ. स. १५८२ साली अकबराने महाभारताचे फारसी भाषांतर सुरू करवले. 'रज्मनामा' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्याच्या चित्रांत दसवंताचा हात मोठा आहे. पुढे त्याच्या बुद्धीला भ्रम झाला आणि १५८४ साली त्याने स्वतःचा जीव घेतला. पालखीचा दांडा ज्या घराच्या खांद्यावर होता, त्या घरातला मुलगा कौरवपांडव रंगवून गेला. शिक्षक बंधुभगिनींनो, हे ध्यानात ठेवा: भिंतीवर काढायला त्याच्याजवळ काही उंची कुंचला नव्हता. हात आधी आला, कुंचला मागून.

पण त्या दरबारी चित्रकारांचा कुंचला होता तरी कसा? तो खारीच्या शेपटीचा होता. जयपूर-उदयपूरकडच्या जुन्या घराण्यांत तो बनवण्याची रीत बापाकडून मुलाकडे आली. खारीला दाणे टाकायचे, टोपलीखाली धरायचे, शेपटीचे थोडे केस कातरून घ्यायचे आणि तिला सोडून द्यायचे. केस पुन्हा उगवतात, असे ते लोक सांगतात. मग त्या केसांची निवड. सगळ्यांची टोके एका बाजूला येतील अशी जुडी करायची. केस मुळाकडून कापायचे, टोकाकडून कधीही नाही. कारण निसर्गाने दिलेले निमुळते टोक एकदा कापले की कितीही खटपट केली तरी परत येत नाही. जुडी दोऱ्याने आवळायची. कबुतराच्या पिसाची नळी पाण्यात भिजवून मऊ करायची. नळीच्या रुंद बाजूने जुडी आत घालायची आणि अरुंद बाजूने तिचे टोक ओढून बाहेर काढायचे. पीस सुकले की आवळते आणि केस घट्ट धरते. मागच्या बाजूला काडी खोचली की कुंचला तयार. ना खिळा, ना पत्रा, ना सरस.

इथे एक समजूत दुरुस्त करतो. एकाच केसाच्या कुंचल्याने ही चित्रे काढीत, असे पुष्कळदा सांगतात. ऐकायला ते छान वाटते, पण एका केसात रंग राहणार कोठे? एक ठिपका टेकवला की संपला! खरा प्रकार असा की जुडी पुष्कळ केसांची असते, आणि टोकाशी एखादा केस इतरांपेक्षा किंचित पुढे असतो. रेघ तो एक केस काढतो. रंग मागचे सारे केस पुरवतात. आपल्या घरांत काय, गावांत काय, पुढे दिसणारा एक असतो आणि त्याला पुरवठा करणारे मागे असतात, तसेच हे.

केसांत रंग राहतो तरी कसा? सूक्ष्मदर्शकाखाली केस गुळगुळीत दिसत नाही. कौलारू छपरावर कौले एकमेकांवर चढलेली असतात तशा खवल्या त्याच्या अंगावर असतात. अशा खरखरीत केसांच्या दाटीत बारीक फटी राहतात आणि पाणी त्या फटींत धरले जाते. मुळाकडे जाड, टोकाकडे बारीक असा केसाचा उतार असल्यामुळे ओल्या जुडीला आपोआप अणी येते. टोक, पोट, ताठा ही तीन मापे निसर्गाने एकाच वस्तूत घालून ठेवली होती. चित्रकाराला त्याची शास्त्रीय कारणे ठाऊक नव्हती. पण बोटांना ती कळली होती.

या कुंचल्याचा आणि हाताचा एक किस्सा इतिहासात नोंदलेला आहे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगिराच्या दरबारी आला होता. १६१६ साली दरबार अजमेरला होता. रोजवळ एक इंग्रजी लघुचित्र होते आणि त्याची त्याला मोठी ऐट. आमच्यासारखे चित्र इथे कोणाला जमणार नाही, असा त्याचा समज होता. जहांगिराने ते आपल्या चित्रकाराकडे दिले. काही दिवसांनी रात्री बोलावणे आले. एका फळीवर सहा चित्रे लावलेली. पाच नकला आणि एक अस्सल. मेणबत्तीच्या उजेडात आपले कोणते हे ओळखताना रोची पंचाईत झाली, हे त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. शेवटी त्याने ते ओळखले खरे, पण ऐट उतरली. आता पहा, त्या काळी इंग्लंडातले लघुचित्रकारही पिसाच्या नळीत बसवलेले खारीचे केसच वापरीत. दोन दूर देश, दोन धर्म, दोन रीती. कुंचला मात्र जवळजवळ एकच. उत्तरेकडच्या चित्रशैलींना आपण 'पहाडी कलम', 'कांगडा कलम' म्हणतो. कलम म्हणजे कुंचला. हत्याराचे नाव पुढे साऱ्या शैलीचे नाव होऊन बसले, एवढा त्याचा मान.

जहांगिराच्याच काळातले आणखी एक चित्र सांगतो. ते आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि अबुल हसन या चित्रकाराचे म्हणून ओळखले जाते. सुमारे १६०५ ते १६०८ मधले. चिनारचे एक मोठे झाड, पाने पिकून पिवळी-तांबडी झालेली, आणि फांद्याफांद्यांवर खारी. एक धावते आहे, एक थबकली आहे, एक ढोलीतून डोकावते आहे. बुंध्याशी एक माणूस वर चढू पाहतो आहे. शेपटीचा एकेक केस वेगळा दिसावा इतके बारीक काम आहे. श्रोतेहो, खारीच्या शेपटीचा तो केस कशाने काढला असेल? बहुधा खारीच्याच शेपटीच्या केसाने. ज्याने खारीकडे इतक्या मायेने पाहिले, त्याचे पोट तिच्यावर अवलंबून होते. आणि बुंध्याशी उभा असलेला तो माणूस कशासाठी वर चढतो आहे, हे त्या खारींना चांगले ठाऊक आहे.

जुन्या काळी साऱ्याच खारी टोपलीतून सुखरूप सुटल्या असतील असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट निश्चित. चित्रकार आपला कुंचला आपण करीत होता. केस कातरणारा हात आणि रेघ काढणारा हात एकच होता. वर्षाला किती केस लागले, त्यासाठी काय करावे लागले, हा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर होता. ब्रश दुकानात मिळू लागला तेव्हा हा हिशेब डोळ्यांआड गेला.

एकोणिसाव्या शतकात ब्रशाचा व्यापार वाढला. पिसाच्या नळीच्या जागी पत्र्याची नळी आली. सैबेरियाकडच्या कोलिन्स्की नावाच्या प्राण्याचे केस सर्वोत्तम ठरले. हा मुंगसासारखा दिसणारा, पण वेगळ्या कुळातला प्राणी. १८६६ साली लंडनच्या विन्सर अँड न्यूटन या कंपनीने राणी व्हिक्टोरियासाठी अशा केसांचे खास ब्रश बनवले. राणीला सात नंबरचे माप आवडे म्हणून त्या मालिकेचे नावच 'सात' पडले. स्वस्त ब्रशांवर 'कॅमल हेअर', म्हणजे उंटाचे केस, असे लिहिलेले असे. त्यात उंटाचा एकही केस नसतो! खार, शेळी, तट्टू, जे मिळेल त्याचे केस त्या नावाखाली खपत. विकत घेणाऱ्याला आपल्या हातात कोणत्या प्राण्याचे केस आहेत हे कळेनासे झाले, ते असे.

आपल्याकडे या व्यापाराची झळ मुंगसाला लागली. मुंगसाचे केस ताठ असतात, टोक धरतात, पाणीही धरतात. चित्रकारांनी त्यांची वाखाणणी केली आणि मागणी वाढली. पण मुंगूस काही टोपलीखाली येऊन केस कातरून घेत नाही. त्याला मारूनच केस काढतात. एक किलो केसांसाठी सुमारे ५० मुंगसे मारावी लागतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. शेतकरी बंधूंनो, मुंगूस तुमच्या बांधावरचा राखणदार आहे. उंदीर खातो, सापाला भिडतो. सकाळी आडवा गेला तर आपण शुभ मानतो. त्याचे पन्नास जीव खर्चून आपण एक किलो कुंचले करावेत का, हा प्रश्न शहरातल्या चित्रकारापेक्षा तुमच्या अधिक जवळचा आहे.

सरकारने १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा केला. मुंगसाला त्याचे संरक्षण आहे. मुंगसाची शिकार, त्याच्या केसांचा व्यापार, त्यापासून केलेले ब्रश विकणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. १९८९ साली भारताने मुंगूस आणि कोलिन्स्की या दोघांची नावे आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या यादीत घातली. कोलिन्स्की आपल्या हिमालयातही राहतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने देशभर एकाच वेळी छापे घातले गेले आणि मुंगसाच्या केसांचे ब्रश जप्त झाले. खारीचे म्हणाल तर पाच पट्ट्यांच्या खारीचे नावही १९७२ च्या कायद्याच्या यादीत होते. आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणे नव्हे, पकडणे आणि सापळा लावणे हेही त्यात येते. म्हणजे टोपलीची जुनी रीतही आज निर्धास्तपणे करता येण्यासारखी राहिली नाही.

मग उपाय? तो एका प्रयोगशाळेतून आला. अमेरिकेतील द्यूपाँ कंपनीत वॉलेस करॉथर्स या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली नायलॉन तयार केले. १९३८ साली या नायलॉनचा पहिला उपयोग कशासाठी झाला असेल? दात घासण्याच्या ब्रशासाठी! तोवर दातांचे ब्रश डुकराच्या केसांचे असत. पुढे महायुद्धात चीनमधून येणारे डुकराचे केस मिळेनासे झाले आणि रंगाच्या ब्रशांतही नायलॉन शिरले.

पण पहिल्या नायलॉनच्या ब्रशाला चित्रकार नाके मुरडीत, ते उगीच नव्हे. तो तंतू यंत्रातून शेवयांसारखा ओढून काढलेला. मुळाशी जेवढा जाड, तेवढाच टोकाशी. अंग काचेसारखे गुळगुळीत, मग पाणी धरणार कसे? ताठा भरपूर, पण पोट नाही आणि टोकही नाही. रंग एकदम सांडायचा, आणि दोनचार महिन्यांत टोक हुकासारखे वळायचे. त्या शिक्षकांची तक्रार अगदी खरी होती. पुढे मात्र सुधारणा होत गेली. तंतूची टोके घासून किंवा रसायनात बुडवून निमुळती करू लागले. वेगवेगळ्या जाडीचे तंतू एका जुडीत मिसळू लागले. काहींचे अंग मुद्दाम खरखरीत केले. आज चांगल्या कृत्रिम ब्रशाला टोक आहे, ताठा तर केसांहून अधिक आहे. पोटाच्या बाबतीत तो अजून थोडा मागे आहे; एका बुडवणीत जेवढी लांब रेघ केसांचा ब्रश ओढतो, तेवढी तो ओढीलच असे नाही. उलट त्याला कसर लागत नाही, दगडी रंगांनी तो लवकर झिजत नाही, आणि किंमतही आवाक्यात असते.

आता निवड कशी करावी ते सांगतो. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आणि शाळेतल्या रोजच्या कामाला गोल कृत्रिम ब्रश उत्तम. बारीक कामासाठी फार लहान नंबरचा ब्रश घेण्याचा मोह टाळावा. त्याला पोटच नसते, रंग टोकाशीच वाळतो. त्यापेक्षा मध्यम मापाचा, पण टोक चांगले असलेला ब्रश घ्यावा. दुकानातच पाण्यात बुडवून एकदा झटका. सारे तंतू एका अणीत आले तर घ्या. दोन टोके फुटली तर परत ठेवा. नखावर टेकवून वाकवा; उचलल्यावर सरळ झाला पाहिजे. मोठा सपाट हात देण्यासाठी शेळीच्या किंवा बैलाच्या कानाच्या केसांचा ब्रश चालेल. ही पाळीव जनावरे आहेत.

ब्रश कशाचा आहे अशी शंका आली तर एक केस उपटून काडीने जाळा. केस असेल तर जळक्या केसांचा वास येऊन राख होईल. कृत्रिम असेल तर वितळून त्याची गोळी होईल. मुंगसाच्या केसावर गडद आणि फिकट पट्टे असतात. पण कृत्रिम तंतूंनाही हल्ली तसे रंगवतात, म्हणून डोळ्यांवर न जाता जाळून पाहावे आणि बिलावर माल कशाचा ते लिहून मागावे. ब्रश पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवू नये. कृत्रिम ब्रशाचे टोक वळले तर ते क्षणभर गरम पाण्यात धरून बोटांनी सरळ करावे. आणि टोक करण्यासाठी ब्रश तोंडात घालू नये. जुन्या रंगांतल्या हरताळात सोमल असतो; आणि सवय ही वाईट ती वाईटच.

तुम्ही म्हणाल, मग परंपरेचे काय? खारीच्या केसाने परदाज करणारी जी घराणी आहेत त्यांनी काय करावे? त्यांची अडचण खरी आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. पन्नास वर्षे एका कुंचल्याची सवय झालेल्या बोटांना दुसरा कुंचला परका वाटणारच. ब्रशाच्या धंद्यावर ज्यांची चूल पेटते, त्या कारागिरांचाही विचार करावा लागेल. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव ब्रशाच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे. कृत्रिम तंतूचा ब्रश बांधायलाही कसबी हात लागतात, आणि ते काम त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. परंतु इतिहास आपल्याला काय सांगतो ते पहा. सोमेश्वराच्या काळी वासराचा कान होता, मोगलांच्या काळी खारीची शेपटी होती, इंग्रजांच्या काळी सैबेरियाचा प्राणी आला. दर वेळी कुंचला बदलला, पण चित्रकाराने त्याच्याकडून मागितले ते टोक, पोट आणि ताठा एवढेच. परंपरा जर कोठे असेल तर ती या मागणीत आहे, आणि ती पुरी होईपर्यंत बसून राहणाऱ्या चिकाटीत आहे.

म्हणून त्या शिक्षकांना माझे उत्तर असे. गुरुजी, तुमच्या गुरुजींनी दिलेला तो ब्रश आता वनखात्याच्या कार्यालयात नेऊन द्या. मन जड होईल, हे मी जाणतो. देण्याआधी वर्गातल्या मुलांना तो एकदा दाखवा आणि या एवढ्याशा झुपक्यामागे काय घडले ते सांगा. मग त्यांच्या हाती साधा कृत्रिम ब्रश द्या आणि तुमच्या गुरुजींनी तुमच्याकडून गिरवून घेतली असेल तशीच, एका दमात, न तुटणारी रेघ त्यांच्याकडून गिरवून घ्या. पहिल्या दिवशी जमणार नाही. रंग सांडेल, रेघ फुटेल. महिनाभराने त्यांतल्या एखाद्या पोराची रेघ बारीक होईल.

आणि शाळेच्या आवारात चिंचेच्या झाडावर खार असेलच. त्याच पोराला ती काढायला सांगा. शेपटीचे केस नीट पाहून काढ म्हणावे. झाडावर चढायचे कारण नाही.